डोळ्यात सांडलेला फ्लॅश

"हा बघा! हा बघा बशीरचा पराक्रम!"

आप्पांनी फोटो ताटाशेजारी आपटला तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि मी, वाटी समजून वाटीच्या शेजारी ओतलेली आमटी कुणी ओरडायच्या आत फ्रॉकने पुसत होते. फोटो माझाच होता. पहिलीच्या गॅदरिंगात मी वासुदेव झाले होते. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, अंगात मामाचा पांढरा सदरा. मला स्वतःला तो फोटो फार आवडला होता. रंगीत होता ना! आप्पांना मात्र त्यात एकच गोष्ट दिसत होती.

"डावा डोळा बघ हिचा. बुबुळात हा एवढा पांढरा ठिपका! पोरगी आहे का मांजर? फ्लॅश सांडलाय डोळ्यात, आणि हा गडी तसाच्या तसा फोटो लोकांच्या हातात देतोय!"

"अहो, आधी जेवून घ्या," आई म्हणाली.

"जेवण कुठं पळून चाललंय? बशीर पळंल दुकान बंद करून."

आमचं घराणं शिंप्याचं. आजोबा फाटके कपडे रफू करायचे, आप्पा चेहरे. फलटणच्या बाजारपेठेत 'मयूर फोटो स्टुडिओ' म्हटलं की लोक आधी मुरलीधर हेंद्र्यांचा ब्रश आठवायचे, कॅमेरा नंतर. देवीचे व्रण बुजवणं, पुढं आलेला दात आत घेणं, टकलावर केस उगवणं ही कामं ते अशी करायचे, की माणूस फोटोकडे बघून स्वतःवरच खूश होऊन जायचा. गावातल्या निम्म्या लग्नांना त्यांचा ब्रश जबाबदार होता. लग्नानंतरच्या निम्म्या भांडणांनाही, असं आई म्हणायची.

बशीरभाई तांबोळींनी स्टँडसमोर दुकान टाकलं तेव्हापासून आप्पांच्या कपाळाची आठी गेली नव्हती. बशीरभाई ब्रशला हात लावत नसत. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच फ्लॅश बसवलेला, बटण दाबलं की लख्ख उजेड, आणि आठवड्यात पुण्याहून रंगीत फोटो धुऊन हजर. आप्पा त्यांना 'ढकलबटण्या' म्हणायचे. त्या वर्षी शाळेने गॅदरिंगचं काम ढकलबटण्याला दिलं होतं, आणि त्या अपमानाचा बदला घ्यायला आप्पांना आज माझाच डोळा सापडला होता.

तसा तो ठिपका काही नवा नव्हता. माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोपासून तो आमच्याकडे येऊन जाऊन होता. घरी फ्लॅश लावून फोटो काढला की कधी कधी यायचा, नेहमी डाव्या डोळ्यात. मग आप्पा शून्य नंबरचा ब्रश जिभेच्या टोकावर ओला करायचे, काळ्या रंगाला टेकवायचे, श्वास रोखायचे आणि "ये उजे, तुझा सांडलेला फ्लॅश पुसू," म्हणत तो ठिपका काळा करून टाकायचे. मी त्यांच्या मांडीवर बसून बघायची. मला वाटायचं, किती माझे लाड! गावाला जे काम सतरा हेलपाटे घालून मिळायचं, ते मला मांडीवर बसून मिळत होतं.

स्टुडिओतल्या फोटोत तर ठिपक्याची सोयच नव्हती. तिथे आप्पा दिवे बाजूला लावायचे आणि माझा चेहरा थोडा डावीकडे वळवायचे. माझी डावी नजर जराशी बाहेर जाते असं आईचं म्हणणं होतं. "मोठी झाली की सरळ होईल," असं आत्याचं म्हणणं होतं. "वळवून बसवली की कळतसुद्धा नाही," असं आप्पांचं म्हणणं होतं. मी दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची, पाणी ओतताना पेल्याबाहेर ओतायची, आणि धांदरट हे माझं घरातलं दुसरं नाव होतं.

तर आप्पा जेवले नाहीत. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात मी, असे निघाले.

बशीरभाई गल्ल्यावर बसून रोल भरत होते. आम्हाला बघून उठले.

"या अण्णा, बसा. चहा सांगतो."

"चहा नको. हे काय आहे?"

बशीरभाईंनी फोटो हातात घेतला, माझ्याकडे बघून हसले. "वासुदेव आहे. छान आलाय की!"

"डोळा बघा डोळा! फ्लॅश सांडलाय! अहो, एवढं पुसायचं तरी कष्ट घ्यायचे!"

बशीरभाईंनी गल्ल्याखालून फोटोंची चळत काढली आणि पत्ते मांडावेत तशी मांडायला लागले. "हा बघा पोस्टमन. ही परी. हा फुगेवाला, हा डॉक्टर, ही कोळीण. रोल तोच, कॅमेरा तोच, फ्लॅश तोच. कुणाच्या डोळ्यात सांडलाय? तुमच्याच पोरीच्या, तेबी एकाच डोळ्यात. अण्णा, माझा फ्लॅश काय तुमचं-माझं वैर लक्षात ठेवतो व्हय?"

तोवर दारात चारपाच माणसं जमली होती. फलटणात दोन माणसं मोठ्याने बोलायला लागली की तिसरा आपोआप पंच होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं!" आप्पा कडाडले. "तुमच्या कॅमेऱ्यातच दोष आहे."

"दोष असला तर आजच्या आज दुकानाची पाटी उतरवतो."

"उतरवाच! चला माझ्या स्टुडिओत. माझ्या कॅमेऱ्यानं तुम्ही काढा, तुमच्या कॅमेऱ्यानं मी काढतो. पोरगी हीच. रोल माझ्याकडचा, काळा-पांढरा, आत्ता धुऊन आत्ता दाखवतो."

अशी ती पैज लागली. मला स्टुडिओतल्या उंच स्टुलावर बसवलं. घरी जाऊन टोपी घेऊन येऊ का, असं मी विचारलं, तोवर दोघं कॅमेऱ्यांत रोल भरायला लागले होते. आधी बशीरभाईंनी आप्पांच्या कॅमेऱ्याने काढला. मग आप्पांनी बशीरभाईंचा कॅमेरा, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा अंगापासून लांब धरून, दुसरा फोटो काढला. दोन्ही वेळा फ्लॅश सरळ तोंडावर. बाहेरच्या पंचांत पानवाला म्हणत होता आप्पा जिंकणार, रिक्षावाला म्हणत होता बशीरभाई.

डार्करूम म्हणजे आमच्या दुकानामागची मोरी होती. खिडकीला काळं कापड, एक लाल बल्ब, तीन ट्रे. एका माणसाला पुरेल एवढ्या जागेत दोन वैरी आणि मधे मी. निगेटिव्ह वाळेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"हायपो ताजा दिसतोय, अण्णा," बशीरभाई शेवटी कडेच्या ट्रेमधल्या रसायनाकडे बघून म्हणाले.

"रोज बदलतो," आप्पा म्हणाले.

मग दोन कागद दोन ट्रेमध्ये पडले. मी कडेला हनुवटी टेकवून बघत होते. आधी केस आले, मग भुवया, मग ओठ. उजवा डोळा आला, काळाभोर. डावा डोळाही आला, पण बुबुळाच्या मधोमध कागद पांढराच राहिला. या ट्रेमध्ये आणि त्या ट्रेमध्येही.

पैज कुणी जिंकली ते मला कळेना, म्हणून मी दोघांच्या तोंडांकडे बघत होते. आप्पांनी चिमट्याने ओला फोटो उचलला, दोरीला लावला, आणि त्यांचा हात सवयीने फळीवरच्या ब्रशकडे गेला. ब्रश जिभेला लागलासुद्धा. तेवढ्यात बशीरभाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. हे फोटोतलं न्हाई."

आई डबा घेऊन दुकानात येऊन उभी होती. नवरा उपाशी पैजा मारतोय म्हटल्यावर ती आलीच असती. तिने लाल उजेडातून आम्हाला बाहेर येताना पाहिलं, दोन्ही ओले फोटो पाहिले, आणि एकही प्रश्न न विचारता मला दारातल्या उन्हात उभं केलं. पदराची घडी केली आणि माझ्या डाव्या डोळ्यावर धरली.

"मी कोण?"

"आई!" मला हसू आलं.

मग पदर उजव्या डोळ्यावर गेला.

"आता?"

समोर कुणीतरी उभं आहे एवढं मला कळत होतं. काहीतरी हिरवं होतं, हलत होतं.

"आई कुठं गेली?" मी विचारलं.

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिचाच हात माझ्या डोळ्यावर होता.

"अगं, आत अंधारात होती एवढा वेळ," आप्पा घाईघाईने म्हणाले. "उन्हानं दिपलेत डोळे."

"पुरे आता," आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण बाहेरचे पंच एकेक करून पांगले. बशीरभाईंनी त्यांचा कॅमेरा उचलला, आमच्या उंबऱ्याशी थबकले आणि म्हणाले, "पुण्याला न्या, वहिनी. माझ्या साडूच्या पोराला नेलं होतं, पत्ता देतो." पाटी उतरवायची गोष्ट दोघांनीही काढली नाही.

पुण्याच्या त्या दवाखान्यात सहस्रबुद्धे म्हणून बाई डॉक्टर होत्या. ठेंगण्या, केस पिकलेल्या, बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय असलेल्या. त्यांनी थेंब घातले, तास दीड तास बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत कपाळावर दिवा बांधून माझ्या डोळ्यात वाकून बघत राहिल्या. उजवा लगेच झाला. डाव्यात बराच वेळ होत्या.

"हिच्या डाव्या डोळ्याची नस जन्मापासूनच नीट घडलेली नाही," त्या म्हणाल्या. कागदावर त्यांनी एक गोल काढला, त्यात दुसरा, आणि कडेने बाहेर जाणाऱ्या रेघा. "डोळ्यातून मेंदूकडे नस निघते ती जागा एखाद्या टिकलीएवढी असावी, तर हिची ही एवढी पसरट आहे, आणि मधे खोल गेलेली, नरसाळ्यासारखी. कडेने रक्तवाहिन्या अशा आऱ्यांसारख्या निघतात. बघताना फुलासारखं दिसतं म्हणून नावही फुलाचंच आहे, मॉर्निंग ग्लोरी."

"म्हणजे डोळ्यात फूल पडलंय?" आईने विचारलं.

"ते वेगळं. ते बाहेर, बुबुळावर पडतं, दुखण्याने नाहीतर लागून. हे आत आहे, आणि ही पोटात होती तेव्हाचं आहे. तुम्ही काही खाल्लंत, ग्रहण पाहिलंत, असलं काहीही मनात आणू नका."

आईने मान हलवली, पण मला वाटतं ती तेच मनात आणत होती.

मग त्यांनी मला एका मोठ्या यंत्रासमोर बसवून डोळ्याच्या आतला फोटो काढला. ते यंत्र बघून आप्पा पहिल्यांदा खुर्चीच्या पुढे सरकले. थोड्या दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तो फोटो हातात आला. नारिंगी गोल, त्यात पांढरा खड्डा, आणि भोवती लाल रेघा. आप्पांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"फोकस सुरेख आहे," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "आता उपायाचं सांगते," त्या म्हणाल्या. "नस आपल्याला दुरुस्त करता येत नाही. पण सगळा दोष नसेचा नाही. डावा डोळा नीट दाखवत नाही म्हटल्यावर मेंदूनं त्याला विचारणंच सोडून दिलंय. ते थोडं परत आणता येतं. चांगला डोळा रोज काही तास पट्टी लावून बंद ठेवायचा, म्हणजे वाईटाला काम करावं लागेल. डोक्याचा एक स्कॅन करू, कारण क्वचित आतही काही असू शकतं. दरवर्षी दाखवायचं. डोळ्यासमोर पडदा आला, चमकलं असं म्हणाली, तर त्याच दिवशी इकडं आणायचं, डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटायचा धोका असतो यात. आणि चष्मा कायम. नंबर असो नसो. तिचा चांगला डोळा एकच आहे, त्याला लागता कामा नये."

"पट्टीनं किती येईल परत?" आईने विचारलं.

"खोटं नाही सांगत. थोडं. मूल दोनतीन वर्षांचं असताना सुरू केलं की जास्त येतं. आता सहा पूर्ण झालीत, उशीरच झालाय म्हणायचा." त्यांनी आप्पांचं मनगट धरलं. "असल्या डोळ्यात फ्लॅशनं काढलेल्या फोटोत पांढरं चमकतं हो. पुष्कळ आईबाप तेच बघून येतात. तुम्ही तर फोटोग्राफर. तुम्हाला एकदाही दिसलं नाही?"

आप्पा हातातल्या नारिंगी फोटोकडे बघत होते.

"दिसलं," ते म्हणाले. "दरवेळी दिसलं."

बाई वाट बघत होत्या पुढच्या वाक्याची. आईने माझी वेणी सुटलेली नसताना ती पुन्हा घालायला घेतली. आप्पांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, आणि पिशवी मांडीवर घेऊन ती दोन्ही हातांनी दाबून बसले. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. परतीच्या एसटीत मात्र जेजुरीपासून लोणंदपर्यंत ते अंगठ्याने स्वतःची जीभ पुसत होते. मला वाटलं, तोंडात काहीतरी गेलंय.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मग पट्टी सुरू झाली, आणि घरात पट्टी लावायचं काम आप्पांनी कुणाला करू दिलं नाही. सकाळी मला तेच स्टुलावर बसवायचे आणि उजव्या, धडधाकट डोळ्यावर ती चिकटपट्टी इतकी बेतशीर बसवायचे की कडेने उजेडाचा कणही येऊ नये. मी ती खेचून काढायची. ते परत लावायचे. मी त्यांना बोचकारलं, एकदा हाताला चावले. ते म्हणायचे, "चाव, पण काढू नकोस." पट्टी लावलेल्या वेळात मी घरातल्या प्रत्येक वस्तूला धडकले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर मला कुणी धांदरट म्हटलं नाही.

दोन वर्षांनी माझा डावा डोळा काठावर पास झाला. खोलीच्या पलीकडचं माणूस ओळखायला यायला लागलं आणि स्टँडवर उभं राहून एसटीच्या पाटीवरची मोठी अक्षरं लागायला लागली. वाचन काही त्याच्याने झालं नाही. पडदा आजवर जागेवर आहे. दरवर्षी दाखवते, चष्मा लावते, चहा ओतताना किटलीची चोच कपाला टेकवून मगच ओतते.

आप्पांनी ब्रश सोडला नाही, तो पोटाचा धंदा होता. पण लहान मूल फोटोला आलं की आधी एका डोळ्यावर हात ठेवून "हा ब्रश कसल्या रंगाचा?" असं विचारायचे, मग दुसऱ्यावर. आया वैतागायच्या. "फोटो काढायला आलोय का तपासायला?" इतक्या वर्षांत त्यांना त्यातून एकाच गोष्टीचा शोध लागला, की कुलकर्णी मास्तरांचा नातू रंग ओळखत नाही. आणि बशीरभाईंबद्दल विचारलं, की मरेपर्यंत त्यांचं एकच मत राहिलं: "माणूस लाख आहे. फोटो वाईट काढतो."

माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा त्या लाख माणसाच्याच दुकानाने काढले. तोवर 'मयूर' बंद झालं होतं, आप्पांचे मोतीबिंदू निघाले होते आणि बशीरभाईंचा अस्लम कॉम्प्युटरवर काम करत होता. लग्नानंतर पाचपरतावनाला मी माहेरी आले होते, तेव्हा तो मोठा फोटो घेऊन आला. शालू, मुंडावळ्या, शेजारी नवरा, आणि मी सरळ कॅमेऱ्याकडे बघत हसतेय. दोन्ही बुबुळं काळीभोर.

आप्पांनी चष्मा चढवला. पुष्कळ वेळ बघितलं.

"अस्लम, डाव्या डोळ्यात काही आलं नव्हतं?"

"आलं होतं की, काका. पांढरं. साफ करून टाकलं." तो खुशीत होता. "ताईचा लग्नाचा फोटो, तसा कसा देईन?"

"परत घाल."

अस्लमला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "काका, डाग कोण परत घालून मागतं?"

आप्पा उठले. कपाटातली पत्र्याची डबी काढली. तो ब्रश अजून होता, केस झडून सुईएवढा राहिलेला. पांढरा रंग वाळून खडा झाला होता, त्यावर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला आणि घोटत बसले. ब्रश जिभेला लावला नाही, वाटीत बुडवला. श्वास रोखला, आणि माझ्या काळ्याभोर बुबुळात मधोमध एक पांढरा ठिपका उमटला.

आई त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिला आयुष्यात त्यांचं एकही काम पहिल्या फटक्यात पसंत पडलं नव्हतं.

"जरा मोठाच झाला," ती म्हणाली. "एवढा नव्हता तो."

"मला सांगतेस?" आप्पा ब्रश धूत म्हणाले. "पाच वर्षं मीच पुसलाय. एवढाच होता."